विडी सोडल्यानंतर हृदयाची काळजी कशी घ्यावी?

निपाणीजवळच्या एका गावातील ५१ वर्षांच्या गृहस्थांनी पंचवीसेक वर्षांची विड्यांची सवय चार महिन्यांपूर्वी सोडली. तेव्हापासून त्यांचे वजन पाच किलोंनी वाढले आहे, चहा घेतला की छातीत धडधडते, आणि वडील पन्नाशीतच हृदयविकाराच्या झटक्याने गेले असल्यामुळे मनात कायमची धास्ती आहे. तंबाखूच्या वखारीतील मित्रांबरोबर अधूनमधून चिमूटभर मावा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण, खाल्ला जातो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. आता आपले हृदय सुरक्षित झाले का, की अँजिओग्राफी करून एकदा खात्री करून घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर आणि बेळगाव परिसरातील रुग्णांकडून हाच प्रश्न थोड्याफार फरकाने मला नेहमी ऐकायला मिळतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देत आहे.

आधी थेट उत्तर देतो. आपले हृदय चार महिन्यांपूर्वीपेक्षा निश्चितच सुरक्षित आहे, परंतु ज्याने आयुष्यात कधी विडी ओढली नाही अशा माणसाइतके ते अजून सुरक्षित झालेले नाही. अँजिओग्राफीची गरज आज दिसत नाही, मात्र काही साध्या तपासण्यांची गरज आहे, आणि मावा आजपासून पूर्ण बंद करण्याची त्याहूनही अधिक आहे. या तिन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. तंबाखूचा धूर हृदयाचे नुकसान दोन वेगवेगळ्या गतींनी करतो. त्यांपैकी जलद होणारे नुकसान विडी सोडल्यावर आपोआप ओसरते. जे सावकाश होते ते मात्र केवळ विडी सोडल्याने ओसरत नाही, त्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागतात. विडी सोडणारे बहुतेक लोक पहिल्या सुधारणेने इतके सुखावतात की दुसरी बाजू त्यांच्या ध्यानातच राहत नाही.

जलद नुकसान म्हणजे प्रत्येक झुरक्याबरोबर लगेच घडणाऱ्या गोष्टी. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे हृदयाच्या स्नायूला मिळणारा प्राणवायू कमी होतो. त्याच वेळी निकोटिनमुळे नाडी आणि रक्तदाब वाढतो, म्हणजे प्राणवायूची गरज वाढते. धुरातील इतर घटकांमुळे रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना लवकर चिकटू लागतात आणि गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते. ही सर्व यंत्रणा विडी बंद होताच माघार घेऊ लागते. शेवटच्या विडीनंतर साधारण वीस मिनिटांत नाडी आणि रक्तदाब उतरू लागतात, एका दिवसाच्या आत कार्बन मोनॉक्साइड शरीराबाहेर जातो, आणि पुढच्या काही आठवड्यांत बिंबिकांचा चिकटपणा व रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराचे काम सुधारते. चार महिन्यांत आपण हा टप्पा ओलांडलेला आहे. हे मिळालेले संरक्षण खरे आहे, त्याबद्दल मनात शंका ठेवू नये.

दुसरे नुकसान पंचवीस वर्षांत थराथराने साचलेले असते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतींत चरबी, दाहपेशी आणि कॅल्शियम यांचे जे थर बसतात ते विडी सोडल्यावर विरघळून जात नाहीत. त्या थरांवरचे पातळ आवरण फाटले की तेथे गुठळी तयार होते आणि धमनी अचानक बंद पडते. यालाच आपण झटका म्हणतो. धूर थांबल्यामुळे हे आवरण फाटण्याची आणि गुठळी होण्याची शक्यता कमी होते, थर मात्र तेथेच असतो. तो शांत ठेवण्याचे काम रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कंबरेचा घेर आटोक्यात ठेवून करावे लागते.

आकडे पाहिल्यास हा फरक स्पष्ट होतो. भारतासह ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाच्या तंबाखूविषयक निष्कर्षांत, जे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, धूम्रपान करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत २.९५ पट आढळला. सोडल्यानंतर तीन वर्षांच्या आत तो १.८७ पटीवर आला, पण वीस वर्षांनंतरही थोडासा अधिकचा धोका शिल्लक होताच. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीच्या २०१९ मधील विश्लेषणात, भरपूर धूम्रपान केलेल्यांचा हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका सोडल्यापासून पाच वर्षांत, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, ३९ टक्क्यांनी घटलेला दिसला. न ओढणाऱ्यांची पातळी गाठायला मात्र त्यांना आणखी बरीच वर्षे लागली. इंटरहार्टमधील आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास आला, इतर प्रदेशांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षे आधी. आपण ५१ वर्षांचे आहात आणि वडिलांना ५५ वर्षांच्या आत झटका आला होता, ही कौटुंबिक पार्श्वभूमी वैद्यकीय दृष्टीने दखल घेण्याजोगी आहे. म्हणून आपल्याला थांबून वाट पाहण्याची मुभा नाही.

विडीविषयी आपल्याकडे एक जुना गैरसमज आहे की तिच्यात तंबाखू थोडी आणि पान नैसर्गिक, त्यामुळे सिगारेटपेक्षा ती सौम्य. प्रत्यक्षात तेंदूचे पान नीट जळत नाही, विडी विझू नये म्हणून वरचेवर आणि खोल झुरके घ्यावे लागतात, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड व निकोटिन भरपूर शरीरात जाते. वर सांगितलेल्या इंटरहार्ट अभ्यासात केवळ विडी ओढणाऱ्यांचा धोका २.८९ पट, म्हणजे जवळजवळ सिगारेटइतकाच निघाला. तंबाखू नसलेल्या 'आयुर्वेदिक' विड्यांचीही हीच अडचण आहे, कारण कार्बन मोनॉक्साइड तंबाखूमुळे नव्हे, जळण्यामुळे तयार होतो.

आता माव्याकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नातील सर्वांत गंभीर मजकूर तोच आहे. १९८१ च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनामुळे ज्या निपाणीचे नाव देशभर गेले, तेथे तंबाखू हा केवळ व्यसनाचा विषय नाही. ती शेतात असते, वखारीत असते, विड्या वळणाऱ्या बायकांच्या सुपात असते आणि घरातील मिसरीच्या डबीतही असते. अशा ठिकाणी विडी सोडणाऱ्या माणसाला तंबाखूचे दुसरे रूप हाताशी सहज मिळते, आणि 'धूर तर नाही ना' या समजुतीवर तो ते स्वीकारतो. परंतु इंटरहार्टमध्ये केवळ चघळण्याच्या तंबाखूने झटक्याचा धोका २.२३ पट झालेला आढळला, आणि ओढणे व चघळणे दोन्ही चालू असणाऱ्यांत तो ४.०९ पटीपर्यंत गेला. धूर नसल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा भाग टळतो, पण निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवतेच. गुटख्यावर कर्नाटकात २०१३ पासून बंदी असली तरी पानमसाला आणि तंबाखूची पाकिटे वेगवेगळी घेऊन ती एकत्र करणे किती सोपे आहे हे आपल्या भागात कोणालाही सांगावे लागत नाही. सकाळी मिसरी लावणे, तपकीर ओढणे, जर्दा घातलेले पान खाणे, हे सर्व याच हिशेबात धरावे. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही, ती कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेली आहे. तोंडात काही हवेच असेल तर बडीशेप, ओवा किंवा लवंग जवळ ठेवावी.

चिमूटभर किंवा दिवसातून एखादीच, या शब्दांनी हृदयाची फसवणूक होत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयरोगाचा जो वाढीव धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा भाग असेल अशी सर्वसाधारण अपेक्षा असते, आणि ती चुकीची ठरते. कर्करोगाच्या बाबतीत प्रमाण कमी केल्याचा काहीसा हिशेब मांडता येईल, हृदयाच्या बाबतीत मात्र पूर्ण बंद करण्याला पर्याय नाही.

चहानंतर होणाऱ्या धडधडीचे एक कारण बऱ्याच जणांना ठाऊक नसते. धुरातील काही रसायने यकृतातील एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, उत्तेजित करतात, आणि हेच विकर चहा-कॉफीतील कॅफिन मोडते. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन झपाट्याने बाहेर पडते. विडी सोडल्यावर आठवडाभरात हे विकर मूळ पातळीवर येते, आणि पूर्वीइतकाच चहा घेतला तरी रक्तातील कॅफिनचे प्रमाण दुपटीच्या आसपास जाऊ शकते. त्यातून धडधड, हाताला कंप, झोप न लागणे आणि चिडचिड होते. ही लक्षणे निकोटिन सुटल्यामुळे आली असे समजून माणूस पुन्हा विडीकडे वळतो, हे फारच वाईट. आपल्याकडे पाहुणा आला, पोरगा कॉलेजातून आला, बैलगाडी दारात थांबली, की चहा ठेवलाच जातो. आपण दिवसभरातील चहा निम्म्यावर आणून पंधरा दिवस पाहावे, सायंकाळी पाचनंतर तो टाळावा. तरीही धडधड राहिली, किंवा नाडी अनियमित लागत असेल, धडधडीबरोबर चक्कर येत असेल, तर ईसीजी आणि थायरॉईडची तपासणी करून घ्यावी, कारण सर्वच धडधड चहाची नसते.

याच विकराच्या मार्गाने काही औषधेही मोडली जातात. दम्यासाठी थिओफायलिन असलेल्या गोळ्या, किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन वा ओलांझापिन घेणाऱ्याने विडी सोडल्यावर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे, अन्यथा पूर्वीचीच मात्रा जास्त ठरू शकते. मधुमेहींमध्येही धूम्रपान सोडल्यावर इन्सुलिनची गरज बदलू शकते, म्हणून पहिले काही आठवडे साखर जरा अधिक वेळा मोजावी. आपण यांपैकी काही घेत असल्याचे लिहिलेले नाही, तरी वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी याचा उपयोग होईल.

पाच किलो वजन वाढल्याने आपण घाबरला आहात. सोडल्यानंतर पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. निकोटिनमुळे दबलेली भूक परत येते, जिभेला चव कळू लागते आणि शरीराचा विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्च थोडा कमी होतो. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासाने याचा नेमका विचार केला आहे. त्यात वजन वाढलेल्यांना पुढची काही वर्षे मधुमेहाची शक्यता अधिक दिसली, पण हृदयविकाराने व एकंदरीत मृत्यू येण्याचे प्रमाण मात्र वजन वाढूनही ओढत राहिलेल्यांपेक्षा कमीच राहिले. याचा अर्थ असा की वजनाच्या भीतीने विडीकडे परतणे हा तोट्याचा व्यवहार आहे, परंतु वजन तसेच वाढू देणेही परवडणारे नाही. वजनकाट्यापेक्षा मापपट्टीवर अधिक विश्वास ठेवावा. भारतीय पुरुषाच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीचा ८० च्या आत असावा. पट्टी बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता लावावी.

आहाराविषयी मी रुग्णांना परदेशी भाज्यांची यादी देत नाही. ज्वारीची भाकरी, झुणका, मेथी किंवा अंबाडीची भाजी, कांदा, पातळ ताक, हे आपले रोजचे ताट हृदयासाठी चांगलेच आहे. बिघाड होतो तो त्याच्या कडेने. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका सपाट चमच्याहून जास्त नाही, इतके मीठ खावे. लोणचे, पापड, खर्डा, ताकातले मीठ आणि भडंग-फरसाण एकत्र धरले तर ही मर्यादा दुपारच्या जेवणापर्यंतच ओलांडली जाते. तांबडा-पांढरा रस्सा रविवारी खाऊ नये असे मी म्हणत नाही, पण वाट्यांवर वाट्या रस्सा पिण्यापेक्षा चार तुकडे मटण खाल्लेले बरे, कारण मीठ आणि तर्री दोन्ही रश्श्यातच असतात. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा २०२२ पासून देशात २ टक्क्यांवर आणली आहे. हे स्वागतार्ह असले तरी तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून तळलेल्या गाड्यावरच्या भज्यांना त्याचा दिलासा मिळत नाही. विडीच्या जागी गोड खाण्याची ओढ लागणे स्वाभाविक आहे. बेळगावचा कुंदा किंवा गोकाकचा करदंट सणाला एक तुकडा खावा, खिशात चॉकलेट-गोळ्या मात्र ठेवू नयेत. त्याऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे ठेवावेत, तेही बिनमिठाचे.

'मी दिवसभर शेतात राबतो, मला वेगळा व्यायाम कशाला?' असा प्रतिप्रश्न मला हमखास येतो. नांगरणी बैलाने होत होती तेव्हा तो रास्त होता. आता ट्रॅक्टर आहे, शेतापर्यंत मोटरसायकल जाते, आणि कामाचे बरेचसे तास उभे राहण्यात किंवा बसण्यात जातात. हृदयासाठी सलग, नाडी वाढवणारी हालचाल लागते. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे, इतके की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. बेळगावात राहणाऱ्यांना व्हॅक्सिन डेपोचे मैदान किंवा किल्ला तलावाची फेरी आहे, गावात कालव्याकडेची किंवा मळ्याकडची वाट पुरते. खानापूरच्या पश्चिमेस जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात चार-चार महिने बाहेर चालणे जमत नाही. तेथे घरातच जागेवर चालणे, खुर्चीतून वीस वेळा उठणे-बसणे, एका पायरीवर चढउतार करणे, असे दहा-दहा मिनिटांचे तीन भाग करावेत. पंचवीस वर्षे विडी ओढलेल्या माणसाने सोडल्याच्या उत्साहात एकदम राजहंसगड धावत चढायला मात्र जाऊ नये. पहिला महिना सपाटीवर चालावे, आणि चढ चढताना छातीवर दाब येतो का याकडे लक्ष द्यावे.

चालताना पोटऱ्यांत वांब येऊन थांबावे लागत असेल आणि थांबल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत बरे वाटत असेल, तर ते नुसते थकण्याचे लक्षण नव्हे, पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची ती खूण असू शकते, आणि अशा माणसाच्या हृदयाच्या धमन्याही तपासण्याजोग्या असतात. विडी ओढणाऱ्या तरुणांमध्ये बर्जर नावाचा एक आजार दिसतो, ज्यात पायाची बोटे गार पडतात, निळसर-काळी होतात आणि शेवटी कापावी लागतात. त्या आजारात तंबाखूचा प्रत्येक प्रकार, चघळण्याचाही, पूर्ण बंद करणे हाच मुख्य उपचार आहे.

तपासण्यांबाबत माझे मत स्पष्ट आहे. जाहिरातीतील चाळीस-पन्नास चाचण्यांचे पॅकेज घेण्याऐवजी थोड्या तपासण्या कराव्यात आणि त्या दर वर्षी कराव्यात. रक्तदाब पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजावा, पाच मिनिटे शांत बसून, आधी अर्धा तास चहा न घेता. १४०/९० किंवा त्याहून अधिक पुन्हा पुन्हा आला तर उपचार लागतात, आणि उपचार सुरू झाल्यावर बहुतेकांसाठी १३०/८० च्या आसपास किंवा खाली आणण्याचे लक्ष्य असते. उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल व इतर चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम), लघवीची साधी तपासणी आणि एक ईसीजी, एवढे आपल्याला आज पुरेसे आहे. वडिलांचा इतिहास पाहता लायपोप्रोटीन(ए), म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एका कणाची, चाचणी आयुष्यात एकदा करून घ्यावी, कारण तिची पातळी बहुतांशी आनुवंशिक असते. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत होते, तिचा संकोच न करता लाभ घ्यावा.

एक गोष्ट ठळकपणे सांगणे भाग आहे. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे धमन्यांत अडथळा नाही असे सिद्ध होत नाही. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी निम्म्याहून अधिक अरुंद झालेल्या धमनीतही अगदी सरळ येऊ शकतो. म्हणून चालताना छातीत दाब, धाप किंवा जबड्यात कळ येत असेल तर ट्रेडमिल चाचणी किंवा डॉक्टर सुचवतील ती पुढील तपासणी करावी. काहीच त्रास नसताना अँजिओग्राफी करणे मात्र मी योग्य मानत नाही. ती धमनीत नळी घालून होणारी तपासणी आहे, आणि लक्षणे नसलेल्या माणसात अडथळा दिसला तरी स्टेंट घातल्याने आयुष्य वाढते असे दिसून आलेले नाही. त्याच अडथळ्यासाठी गोळ्या आणि वर सांगितलेली पथ्ये अधिक मोलाची ठरतात. वयाची पासष्टी ओलांडलेल्या आणि पूर्वी कधीही धूम्रपान केलेल्या पुरुषांनी मात्र एकदा पोटाची सोनोग्राफी करून मुख्य धमनी फुगलेली नाही ना हे पाहून घ्यावे.

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी लागेल की नाही, हे केवळ एका आकड्यावर ठरत नाही. वय, रक्तदाब, साखर, कुटुंबाचा इतिहास आणि विडीची वर्षे यांचा एकत्र विचार होतो, आणि आपल्या बाबतीत ती लागण्याची शक्यता बरीच आहे. सुचवली तर नाकारू नये. उलट, कोणीतरी सांगितले म्हणून अ‍ॅस्पिरिनची गोळी रोज स्वतःच्या मनाने सुरू करू नये. ज्यांना आधी झटका आलेला नाही त्यांच्यात तिचा फायदा आणि रक्तस्रावाचा धोका जवळजवळ सारखाच ठरतो. लसूण, आले, लिंबू आणि व्हिनेगर यांचा 'ब्लॉकेज उघडणारा' काढा मोबाईलवरून घरोघर पोहोचला आहे. त्याने धमन्यांतील थर विरघळल्याचा पुरावा नाही, आणि तो घेतो म्हणून गोळ्या बंद करणारे लोक पुढे अतिदक्षता विभागात भेटतात. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे त्यांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसही आपल्या मनाने थांबवू नयेत. अशा रुग्णांसाठी तर तंबाखू सोडणे हेच सर्वांत मोठे औषध आहे: हृदयरोग झाल्यावर धूम्रपान सोडणाऱ्यांचा मृत्युदर न सोडणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी असल्याचे २००३ मधील एका एकत्रित विश्लेषणात दिसले.

सीमाभागातील माणसाचा एक रिपोर्ट मिरजेत, दुसरा कोल्हापुरात आणि तिसरा बेळगावात असतो. सर्व कागद तारखेनुसार एकाच फाईलमध्ये लावावेत, त्यात पहिल्या पानावर विडी सोडल्याची तारीख लिहावी, आणि कोठेही गेले तरी ती फाईल बरोबर न्यावी. नव्या डॉक्टरला जुना ईसीजी तुलनेसाठी मिळाला तर निदान फार लवकर होते.

आपण विडी सोडली तरी घरातील धूर थांबला का, हेही पाहावे. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या व्यक्तीलाही हृदयरोगाचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. भाऊ किंवा मुलगा घरात ओढत असेल तर त्याला अंगणात नव्हे, आवाराबाहेर जायला सांगावे. अंघोळीचे पाणी तापवणारा बंब बंद खोलीत पेटवू नये. उसाचे पाचट पेटवण्याची पद्धत चालू आहे तेथे त्या धुरात उभे राहून देखरेख करण्याचे काम तरी आपण घेऊ नये. पाचट कुजवून जमिनीत घालणे शेताच्याही हिताचे आहे, पण तो विषय वेगळा.

धोक्याची लक्षणे घरातील सर्वांना माहीत असावीत. छातीच्या मध्यभागी दाब किंवा जखडल्यासारखे वाटणे, वेदना डाव्या हातात, पाठीत किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ, यांपैकी काहीही पंधरा मिनिटांहून अधिक टिकले तर ते 'गॅस' समजून ओवा-सोडा घेत रात्र काढू नये. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखता केवळ धाप किंवा कमालीचा थकवा हेच लक्षण असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णाला स्वतः मोटरसायकल चालवत जाऊ देऊ नये. अ‍ॅस्पिरिनची ऍलर्जी, पोटातील व्रण किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाण्यास द्यावी. कर्नाटकात डॉ. पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेखाली तालुका रुग्णालयांत ईसीजी काढून तो मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांना पाठवण्याची आणि गरज असल्यास गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे महागडे इंजेक्शन मोफत देण्याची सोय केलेली आहे. म्हणून थेट बेळगाव किंवा कोल्हापूरची वाट धरण्याआधी जवळच्या तालुका रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते. हृदयाचा स्नायू मरायला लागल्यावर गेलेले दोन तास नंतर कोणत्याही मोठ्या रुग्णालयात भरून निघत नाहीत.

शेवटी पुन्हा माव्याविषयी, कारण तो केवळ उपदेशाने सुटणार नाही. आपण अजून निकोटिनवर थोडेफार अवलंबून आहात असे धरून चालावे. दोन मिलिग्रॅमचे निकोटिन च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते, आणि स्थिर प्रकृतीच्या हृदयरोग्यांतही ते तंबाखूपेक्षा कितीतरी सुरक्षित असते. ज्यांना नुकताच झटका येऊन गेला आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरावे. ते साध्या च्युइंगगमसारखे सतत चघळायचे नसते: जिभेला झणझणले की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचे, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचे, आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा किंवा आंबट पेय घ्यायचे नाही. याने न भागल्यास तंबाखूची ओढ कमी करणारी व्हॅरेनिक्लिनसारखी औषधे डॉक्टर देऊ शकतात. दारूच्या बैठकीत विडी किंवा मावा परत येतो हा सर्वांचा अनुभव असल्याने पहिले वर्षभर तरी त्या बैठकांना जाणे टाळावे. वखारीतील मित्रांना एकदाच, सर्वांसमोर, डॉक्टरांनी पूर्ण बंद सांगितले आहे असे सांगून टाकावे, म्हणजे रोज नवी सबब शोधावी लागणार नाही. एखाद्या दिवशी पुन्हा खाल्लाच तर चार महिने वाया गेले असे समजू नये, त्याच दिवशी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. या सेवेच्या केंद्रांत मुंबईचे टाटा मेमोरियल आणि बंगळुरूचे निमहान्स यांचा समावेश आहे. पुढच्या आठवड्यात रक्तदाब, साखर, लिपिड आणि ईसीजी करून फाईल घेऊन जवळच्या फिजिशियनना भेटावे, आणि भेटताना मावा खात असल्याचेही त्यांना सांगावे.